गरुड परत करण्याबाबत

पोज्जालेत्तो, ८ मार्च

गॉल टोळीचे सरदार ग्वाल्तिएरो यांस,

फोन करत नाही म्हणून राग मानू नकोस. लढाई चालू असताना शत्रूच्या सरदाराला फोन करणं रोमन शिस्तीत बसत नाही, असं रेमिज्यो म्हणतो. रेमिज्यो म्हणजे आमच्या पलटणीचा तपासनीस. औषधाच्या दुकानात गोळ्या देताना जेवढा कडक, तेवढाच चिलखतं तपासताना. तेव्हा हे पत्र तुझ्या बहिणीच्या हाती देतो आहे. गुरुवारी ती दरी ओलांडून तुझ्याकडे येतेच. लोरेदाना माझी बायको असली तरी या पत्रापुरती तटस्थ दूत आहे. तिला चहाकॉफी विचार, पण आतल्या बातम्या काढू नकोस.

आता मुद्द्याचं. काल टेकडीवर जे झालं ते ठरल्याप्रमाणे झालं नाही. दरवर्षी आपण बारमध्ये बसून काय ठरवतो? तुम्ही चौकड्यांच्या विजारी घालून बोंबलत उतारावरून यायचं, आम्ही डोक्यावर आणि चहूबाजूंनी ढाली जोडून कासव करायचं, तुम्ही रबरी टोकाचे भाले फेकायचे आणि तिसरी तुतारी वाजली की मरायचं. कुणी थोडं कण्हत मेलं तर आमची हरकत नसते, बघायला आलेल्यांना ते आवडतं. तू तिसऱ्या तुतारीला मेला नाहीस. पोट पुढे काढून सरळ आमच्या कासवात घुसलास! लोखंडी पट्ट्यांच्या चिलखतात माणूस उताणा पडला की त्याला दुसऱ्यानं उठवावं लागतं, आणि दुसराही उताणाच होता. आम्ही सगळे आकाशातले ढग बघत असताना तुझी माणसं आमच्या निशाणाचा पितळी गरुड खांद्यावर टाकून पसार झाली.

२१ एप्रिलला रोम शहराचा वाढदिवस. त्या मिरवणुकीत आमच्या पलटणीला यंदा पहिल्यांदा पुढची जागा मिळाली आहे. हातगाडीवर फरश्या विकून मी दुकान उभं केलं, पण त्या दुकानाच्या पाटीचीसुद्धा मी एवढी वाट बघितली नव्हती. गरुड नसलेली पलटण शेवटी चालते, रस्ता झाडायच्या गाडीच्या जरा पुढे. तेव्हा गरुड परत पाठव. लोरेदानाच्या गाडीत मागच्या सीटवर मावतो. पंख मिटत नाहीत, तेवढं सांभाळ.

शतनायक चेसिदिओ
(दुकान बुधवारी दुपारी बंद असतं. तेव्हा आणलास तर चारचौघांत बोभाटा होणार नाही.)


रोक्कामेल, १२ मार्च

दाजी, सप्रेम नमस्कार. शत्रू झालो तरी मेहुणा आहे.

गरुड खुशाल आहे. गॅरेजमध्ये हवेच्या पंपावर टांगलाय. गिऱ्हाईक आधी गरुडाला हात लावतं, मग गाडीचा पोचा दाखवतं.

तिसऱ्या तुतारीचं म्हणाल, तर तुमचा तुतारीवाला शिरस्त्राणाच्या गालपट्ट्या बांधूनच फुंकत होता. आम्हाला वाटलं, कोणाला तरी शिंक आली.

आणि परत द्या म्हणणं सोपं आहे हो. आम्ही कायम मरत आलोय. सकाळच्या खेळाला मरायचं, जेवून आलं की दुपारच्या खेळाला पुन्हा मरायचं. आमच्यातल्या एवारिस्तोला ओळखता ना, तुमच्या दुकानाचा नळ दुरुस्त करतो तो? त्याची बायको म्हणते, लग्नानंतर या माणसाचे गवताचे डाग नसलेले कपडे मी पाहिलेच नाहीत. परवा तो पहिल्यांदा जिवंत घरी गेला. रडला, दाजी. त्याच्या हातून मी गरुड कसा काढून घेऊ?

शिवाय मला गॉल कोणी केलं? मी तर तुमच्यातच यायला निघालो होतो. रेमिज्योनं माझ्या अंगावर पट्ट्यांचं चिलखत चढवलं, दोन्ही बाजू ओढल्या, आणि मधल्या फटीत एक अख्खा पाव मावला असता. म्हणाला, "पोट आत घ्या." घेतलं. म्हणाला, "अजून." मी म्हणालो, "रोमन लोक श्वास घेत होते ना?" तुम्ही शेजारीच उभे होतात. तुम्ही हातातल्या शिरस्त्राणाच्या तुऱ्याकडे बघत म्हणालात, "नियम आहे, ग्वाल्तिएरो." तेव्हापासून मी चौकड्यांची विजार घालतो.

आणि गंमत बघा, परवाच्या धडपडीत चेपलेली तुमची चिलखतं कोणाकडे आली? माझ्याकडेच. शत्रूकडे! पोचे काढून ठेवलेत. ती तेवढी घेऊन जा.

तुमचा,
ग्वाल्तिएरो


पोज्जालेत्तो, १९ मार्च

ग्वाल्तिएरो,

आज सान जुझेप्पेचा सण. गल्लीत मलईचे तळलेले गोळे वाटतायत, आणि मी बाल्कनीत बसून जवाची पेज पितो आहे. ती का, ते सांगतो.

पलटणीची बैठक झाली. रेमिज्यो जाडजूड ग्रंथ घेऊन आला होता. म्हणाला, नामुष्कीच्या वेळी रोमन पलटणीला शिक्षा असायची: गहू बंद, जव सुरू, आणि मुक्काम तटाच्या बाहेर. आम्ही माना डोलावल्या. इतिहास म्हणून डोलावल्या रे! तो म्हणाला, "मग एकमतानं मंजूर." आणि सगळ्यांनी तलवारीवर हात ठेवून शपथ घेतली. गरुड पलटणीच्या रांगेत परत येईपर्यंत पास्ता नाही, पाव नाही, पिझ्झा नाही. आता तटाचा प्रश्न आला. गावाला तट नाही, तेव्हा ज्याच्या त्याच्या घराची भिंत हाच तट. म्हणून मी बाल्कनीत गादी टाकली आहे. समोरच्या बाईनं पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला, दुसऱ्या दिवशी घोंगडी आणून दिली. लोरेदानानं मला हाकललं असं गावभर झालंय.

तुझी बहीण हसली नाही, रागावलीही नाही. तेच मला बरं वाटत नाही. फक्त टोमॅटो आणि खारवलेलं डुकराचं मांस परतताना स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवते. मी म्हटलं, "अगं, वास येतो." म्हणाली, "वासात गहू नसतो."

संध्याकाळी ती टीव्ही लावून बसते आणि आतून टिक्, टिक् असा आवाज येतो. माझे कान तुला माहीत आहेत. फरशीवर टिचकी मारून आतली भेग सांगतो मी. तेव्हा खात्रीनं सांगतो, ती बदाम फोडते. एकटीच खाते. मला एक देत नाही.

पलटणीतर्फे तहाचा प्रस्ताव: पुढच्या वर्षी तुम्ही तिसऱ्याऐवजी चौथ्या तुतारीला मरावं. शिवाय कण्हायला पाहिजे तेवढा वेळ.

चेसिदिओ


रोक्कामेल, २७ मार्च

दाजी,

तुमचं पत्र गॅरेजमध्ये मोठ्यानं वाचून हसायचं ठरवलं होतं. पण हसायला आता कोणी राहिलं नाही.

आमच्याकडे विपरीत घडलंय. गरुड आला त्या आठवड्यात माझी माणसं त्याच्याभोवती बसून वाइन प्यायची, गाणी म्हणायची, सगळं गॉल पद्धतीनं. मग एवारिस्तो म्हणाला, गरुडाखाली असं लोळत पडणं बरं दिसत नाही. म्हणून सगळे ताठ बसले. मग म्हणाला, बसण्यापेक्षा रांगेत उभं राहू. मग एक जण चपला घेऊन आला, तुमच्यासारख्या, खिळ्यांच्या. मागच्या सोमवारी बघतो तर सगळ्यांनी मिश्या काढल्या! एवढ्या वर्षांच्या मिश्या, दाजी. एवारिस्तोला तर मी आवाजावरून ओळखलं.

आता पट्ट्यांची चिलखतं मागवली आहेत. एक समितीही काढली आहे. कालच्या सभेत समितीनं विचारलं, "सरदार, तुमच्या चिलखताचं माप?" मी म्हटलं, "अरे, मी गॉल आहे. तुम्हीपण गॉल आहात!" एवारिस्तोनं माझ्या पोटाला फीत लावली, फीत संपली, आणि तो तुऱ्याकडे बघावं तसं छताकडे बघत म्हणाला, "नियम आहे, ग्वाल्तिएरो."

तेव्हा कळवण्यास वाईट वाटतं की मला काढलंय. माझ्याच गॅरेजमधून गरुड घेऊन गेले. २१ तारखेला रोमला आपणच पलटण म्हणून जाणार, म्हणतात. तुमच्या चौथ्या तुतारीच्या प्रस्तावावर म्हणाले, "आम्ही रानट्यांशी तह करत नाही."

रानटी म्हणजे तुम्ही.

ग्वाल्तिएरो

ता.क. लोरेदाना आली तेव्हा पिशवी उचलायला मीच गेलो. जड होती. बटाटे आहेत.


पोज्जालेत्तो, ४ एप्रिल

ग्वाल्तिएरो,

तुला काढलं हे वाचून मला बरं वाटलं नाही. एवढंच लिहितो. त्या दिवशी मी तुऱ्याकडे का बघत होतो ते तुला माहीत आहे. तुझ्याकडे बघता येत नव्हतं.

इकडची हालत ऐक. बाल्कनीत आरसा नाही, त्यामुळे पलटणीतल्या सगळ्यांच्या दाढ्या वाढल्या आहेत. जव खाऊन खाऊन माणसं चिडचिडी झालीत. परवा कवायतीला दोघांनी ढाली टाकून एकमेकांच्या झिंज्या धरल्या. रेमिज्यो स्वतः घोंगडी पांघरून दुकानात बसतो. एका आजीबाईंनी खोकल्याचं औषध मागितलं तर त्यांच्यावर गुरगुरला.

लोरेदानाची बोटं काळी झाली आहेत. विचारलं तर म्हणाली, "रागाच्या भरात भांडी घासते." म्हणजे आतून धुमसतेय. बदाम मात्र चालूच आहेत. एवढे बदाम माणूस खातो कसा?

मी एवारिस्तोला आव्हान पाठवलं आहे. १२ तारखेला रविवारी, त्याच टेकडीवर. जो जिंकेल त्याचा गरुड. तो हो म्हणाला. फक्त बारमध्ये बसल्यावर एक अडचण निघाली. आम्ही म्हटलं, "रानटी कोण?" ते म्हणाले, "तुम्ही." आम्ही म्हटलं, "आम्ही रोमन आहोत, तुम्ही कालपरवापर्यंत मिश्या लावून फिरत होतात." ते म्हणाले, "आरशात बघा." आरशाचं नाव काढल्यावर रेमिज्यो टेबलावर चढला. शेवटी काहीच ठरलं नाही. दोघेही रोमन म्हणून येणार आहेत.

लोक बघायला येणारच आहेत. तूही ये. आपल्या माणसासारखा बस, सँडविच खा. तू आलास तर मला धीर येईल.

तुझा दाजी


रोक्कामेल, १३ एप्रिल

दाजी,

काल तुम्ही बराच वेळ उताणे होतात, त्यामुळे तुम्हाला काही दिसलं नसेल. मी वरून सगळं बघितलं. म्हणून लिहितो.

पहिली तुतारी वाजली. तुम्ही कासव केलंत. एवारिस्तोच्या माणसांनीही कासव केलं. दुसरी वाजली. दोन्ही कासवं समोरासमोर, नाकाला नाक, आणि दोन्ही जागच्या जागी! कासवावर कोणी चालून आलं तरच कासवाला काम. लोकांनी टोपल्यांतलं खाणं संपवलं. एका बाईनं नवऱ्याला विचारलं, "हे पार्किंगसाठी थांबलेत का?" मग कुणीतरी ओरडलं, "रानटी कुठायत? आम्ही रानटी बघायला आलोय!"

दाजी, मी सँडविच खात होतो. सवयीनं चौकड्यांची विजार घालून आलो होतो, बाकी मनात काही नव्हतं. पण एवढी माणसं एवढ्या लांबून येतात, आणि मरायला कोणीच नाही? मला राहवेना. सँडविच बाजूच्या बाईकडे दिलं, उभा राहिलो आणि बोंबललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या तुतारीला छान मरायचं ठरवूनच मी उतारावरून निघालो. आणि घसरलो.

आता लपवत नाही. मार्चमध्येही हेच झालं होतं. मी मरायलाच निघालो होतो. गवत ओलं होतं, उतार तीव्र, आणि माझं पोट एकदा निघालं की माझं ऐकत नाही. मागून माझी माणसं धावली, कारण त्यांना वाटलं, सरदारानं हल्ला केला. गावभर माझ्या शौर्याचं बोललं जाऊ लागल्यावर खरं सांगायला जीभ वळेना.

तर मी एवारिस्तोच्या कासवाला लागलो, ते तुमच्या कासवावर पडलं, आणि मी थांबलो तेव्हा दोन पलटणी पाठीवर होत्या आणि गरुड माझ्या मांडीवर होता. एवारिस्तो गवतात पडल्या पडल्या डोळे मिटून म्हणाला, "बरं वाटतंय रे. किती दिवसांनी."

तेव्हा गरुड आता माझा. ना गॉलांचा, ना रोमनांचा. माझी अट एकच: २१ तारखेला रोममध्ये गरुड मी धरणार. तुमच्या पलटणीपुढे, तुमचा माणूस म्हणून. एवारिस्तोही पश्चात्तापानं वेडा झालाय. तो माझी विजार घालून पकडलेला गॉल सरदार होईल, त्याला माझ्या पट्ट्याला दोरीनं बांधा.

चिलखताची काळजी करू नका. सोय आहे.

ग्वाल्तिएरो


पोज्जालेत्तो, १६ एप्रिल

ग्वाल्तिएरो,

बैठक झाली. एक जण म्हणाला, "पण त्याचं पोट?" मी उभा राहिलो. या वेळी तुरा घरी ठेवून गेलो होतो, म्हणजे बघायला दुसरीकडे काही नको. म्हणालो, "त्या पोटानं दोन पलटणी आडव्या केल्या. असं पोट आपल्या बाजूला असलेलं बरं की समोर?"

सगळे रेमिज्योकडे बघायला लागले. त्यानं ग्रंथ उघडला. म्हणाला, गरुडधाऱ्याला पट्ट्यांचंच चिलखत हवं असं कुठे नाही. कड्यांच्या जाळीचं चालतं, आणि जाळी अंगाप्रमाणे ताणते. मी म्हटलं, "हे तेव्हा का नाही सांगितलंस?" म्हणाला, "तेव्हा माझं पोट भरलेलं होतं." मग ग्रंथ मिटून त्यानं हळूच विचारलं, "रोमला मिरवणूक संपते तिथे पास्ता कुठे चांगला मिळतो?"

ठरलं. पण जाळीचं चिलखत विणायला हिवाळा जातो. एक एक कडी पकडीनं मिटवावी लागते. पाच दिवसांत कुठून आणणार आहेस? काही उलटसुलट करू नकोस. तपासणी रेमिज्यो करणार आहे, आणि तो अजून जवावर आहे.

दाजी


पोज्जालेत्तो, २३ एप्रिल

प्रिय ग्वाल्तिएरो,

गरुडधाऱ्याला मागे वळून बघायची परवानगी नसते. तू वळला नाहीस. शाबास. पण त्यामुळे तुझ्या मागे काय झालं ते तुला माहीत नाही. मिरवणूक संपल्यावर तुला टीव्हीवाल्यांनी घेरलं, आणि मी ज्या वेशात होतो त्या वेशात तुझ्यासमोर येण्यासारखा नव्हतो. म्हणून लिहितो. लढाई संपली आहे, फोन करता आला असता, पण हे तोंडानं बोलायला जमणार नाही.

तू गरुड घेऊन पुढे जाऊन उभा राहिलास, मग रेमिज्यो आमच्या तपासणीला आला. नियम असा की चिलखत आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, जास्त नाही. माझ्या चिलखतात त्यानं बोटं घातली. मग पंजा घातला. मग कोपरापर्यंत हात गेला. जवानं माझा पार सांगाडा केलाय रे! मी चाललो की चिलखत माझ्या मागून यायचं. मी म्हटलं, "रेमिज्यो, मी शतनायक आहे. या दिवसासाठी..." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या तुऱ्याकडे बघत म्हणाला, "नियम आहे, चेसिदिओ."

चिलखत एवारिस्तोला झालं. शिवल्यासारखं बसलं. तुराही त्यालाच शोभला. राहिली ती तुझी चौकड्यांची विजार.

तेव्हा तुझ्या पट्ट्याला बांधलेल्या दोरीच्या टोकाला एवारिस्तो नव्हता. मी होतो. मध्ये तू दोनदा दोरीला झटका देऊन कुजबुजलास, "चल रे नळवाल्या, पाय उचल." मी उचलले.

खरं सांगतो, एवढ्या टाळ्या मला शतनायक म्हणून कधी मिळाल्या नाहीत. दाढी होती, अंग वाळलेलं होतं, आणि तुझी विजार पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून चाललो होतो. लोकांना वाटलं, केवढा अपमान सोसतोय हा सरदार! एका आजीनं गर्दीतून येऊन माझ्या हातात पावाचा तुकडा दिला. मी तो घेतला, पण खाल्ला नाही. गरुड रांगेत आला होता, शपथ सुटली होती, तरी खाल्ला नाही. कारण त्याच वेळी माझी नजर तुझ्या पाठीवर गेली होती.

सगळा वेळ माझ्यासमोर तुझी पाठच होती. पोटावरून खाली गुडघ्यापर्यंत जाळी काय सुरेख पडली होती! उन्हात माशासारखी चमकत होती. आणि डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली उतरलेला होता.

ग्वाल्तिएरो, माझ्या कपाटात लग्नापासून लोरेदानानं विणलेले स्वेटर आहेत. प्रत्येकाचा डावा खांदा असाच उतरतो. बोलून दाखवलं की ती म्हणते, "तूच तिरका आहेस."

बदाम! फरशीवर टिचकी मारून भेग सांगणारे हे माझे कान, आणि महिनाभर बाल्कनीत बसून बदाम ऐकत होते. पिशवीतले ते जड बटाटे म्हणजे कड्याच होत्या, हेसुद्धा आता कळलं. तुम्हा दोघांचं कधीपासून चाललं होतं ते विचारत नाही. हिवाळाभर नक्की. म्हणजे गरुड हातात येण्याच्या कितीतरी आधी तू पलटणीत यायची तयारी केली होतीस, आणि मी तुला चौथ्या तुतारीला मरायला सांगत होतो.

काल घरी आलो तर बाल्कनीत गादी नव्हती. आत टेबलावर पास्त्याचं भांडं वाफाळत होतं, आणि त्याच्या शेजारी पक्कड आणि लोखंडी कड्यांची नवी पिशवी. लोरेदानानं मला हात वर करायला सांगितलं आणि छातीभोवती फीत गुंडाळली. मी म्हटलं, "एवढी सैल कशाला धरतेस? फीत घसरतेय."

म्हणाली, "आधी जेव. मग बघू."

तुझी विजार धुऊन ठेवली आहे. पुढच्या मार्चमध्ये उतारावरून कोणीतरी यायला लागेलच. दोन्ही हातांनी धरून का होईना, मी यायला तयार आहे. फक्त तिसऱ्या तुतारीला नीट कसं मरायचं ते एवारिस्तोला मला शिकवायला सांग. तुला काही ते जमत नाही.

तुझा,
चेसिदिओ